गावातला साहसी लघुपटांचा महोत्सव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटाकडे निघालं की घाट लागायच्या आधी आमचं गाव येतं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर हा महोत्सव होतो. चालवणारे सगळे गावचे किंवा शेजारच्या गावांचे. कुणाची संत्र्याची बाग आहे, कुणी शिक्षक, कुणी मोटार रिवाइंडिंग करतो, दोघी आशाताई आहेत. पगार कुणालाच नाही. दिवसा बहुतेक जण वावरात असतात, तेव्हा फोन उचलला नाही म्हणून रागावू नका. सारखे येणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत.

१. हे नेमकं आहे काय? सिनेमा, की खेळांची स्पर्धा?

सिनेमा. दोन संध्याकाळी मोठ्या पडद्यावर छोट्या फिल्म दाखवतो. कडे चढणं, सायकलिंग, डोंगरातलं धावणं, कयाकिंग, पॅराग्लायडिंग, गुहा धुंडाळणं असे विषय असतात. जगात अशा महोत्सवांची परंपरा जुनी आहे. इटलीतल्या ट्रेंटोचा १९५२ पासून, कॅनडातल्या बॅन्फचा १९७६ पासून चालत आला आहे. ती डोंगरातली गावं, आमचा मुलूख कापसाचा आणि तुरीचा. "इथं कोण पाहणार?" असं आम्हाला सुरुवातीला बऱ्याच जणांनी ऐकवलं. पण २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टवर पोचली, ती विदर्भातलीच होती. पाहणारे इथं आहेत, दाखवणारे कमी पडतात.

२. जानेवारीच्या शेवटीच का ठेवता? उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेवला तर शहरातले लोकही येतील.

शहरातले आले तर आनंदच आहे, पण महोत्सव गावासाठी आहे. जानेवारीच्या शेवटी कापसाची वेचणी बहुतेक उरकलेली असते, तूर घरी आलेली असते आणि बारावी-दहावीच्या परीक्षा सुरू व्हायच्या असतात. सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो. पावणेसातला पडदा लावता येतो आणि लहान लेकरं पेंगायच्या आत अर्धा कार्यक्रम होतो. मे महिन्यात साडेसातपर्यंत पुरता अंधार पडत नाही, आणि मैदानाची जमीन रात्री नऊलाही चटके देते. शिवाय मे म्हणजे लग्नसराई. डीजेशी स्पर्धा करायची आमची ताकद नाही.

३. तिकीट किती? आधी नाव नोंदवावं लागतं का?

तिकीट नाही. नोंदणी फक्त मुक्कामाला राहणाऱ्यांनी करायची (प्रश्न ४). बसायला ताडपत्री आणि सतरंज्या असतात. खुर्च्या मागच्या दोन रांगांत, म्हाताऱ्या माणसांसाठी. तरण्या पोरांनी तिथं बसू नये. उठवलं जाईल आणि मायकवरून उठवलं जाईल.

४. यायचं कसं आणि राहायचं कुठं?

रेल्वेने बडनेरा किंवा अमरावती, तिथून एसटीने परतवाडा. पुढचं गाडीचं आम्ही कळवतो, कारण संध्याकाळी एसटी विरळ होते. राहायला परतवाड्यात लॉज आहेत. चिखलदऱ्याची हॉटेलं शनिवार-रविवारी भरलेली असतात आणि रात्री दहानंतर घाट चढणं आम्ही कुणालाच सुचवत नाही. गावात घरोघरी मिळून थोड्या लोकांची सोय होते. ज्या घरी उतराल तिथल्या माणसांच्या वेळेने उठायची तयारी ठेवा. थंडीचे कपडे आणा. "विदर्भात कसली थंडी?" म्हणून टी-शर्टवर आलेली पुण्या-मुंबईची मंडळी आमच्याकडची घोंगडी मागत फिरतात.

५. रात्री परत जाताना जनावराची भीती आहे का?

गाव मेळघाटच्या कडेला आहे, तेव्हा बिबट्या, अस्वल, रानडुक्कर हे शेजारी समजा. मैदानात गर्दी आणि उजेड असतो, तिथं काही होत नाही. शेवटची फिल्म संपल्यावर एकट्याने पांदणीने जाऊ नका. शेजारच्या गावांना जाणाऱ्या ट्रॅक्टर-जीप ठरलेल्या असतात, त्यांत बसा. बायका-मुलींची गाडी आधी सुटते आणि त्यात एक आशाताई सोबत असतात. उष्टं-खरकटं मैदानाच्या कडेला टाकू नका. त्या वासाने डुकरं येतात आणि त्यांच्या मागे आणखी कुणीतरी.

६. तिथं आम्हाले रॅपलिंग, झिपलाईन कराले भेटन काय?

नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो म्हणून स्पष्टच सांगतो. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते आणि प्रशिक्षित माणसं, साधनं, बचावाची तयारी दाखवावी लागते. आमच्याकडे पडदा आहे, दोर नाही. महोत्सवाच्या नावावर कुणी बाहेर पैसे घेऊन दोर लावत असेल तर तो आमचा माणूस नव्हे.

७. फिल्म किती मिनिटांची हवी? शेवटची तारीख कधी?

नावांसकट बारा मिनिटांच्या आत. त्याहून मोठी फिल्म चांगली असेल तर "कापून पाठवा" असं कळवतो, आम्ही स्वतः कात्री लावत नाही. शेवटची तारीख दिवाळीनंतरचा पंधरवडा. "जानेवारीच्या कार्यक्रमाला एवढी घाई कशाला?" असं विचारतात. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेली फिल्म लोकांना दाखवायची तर बिगर-व्यावसायिक महोत्सवालाही माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. अर्जासोबत फिल्मांची यादी आणि सारांश जातो. यादी उशिरा झाली की सूट उशिरा, आणि सूट नाही तर पडदा कोरा. म्हणून सारांशही नीट लिहा. "एका जिद्दीची कहाणी" या तीन शब्दांवर कुणाला काहीच कळत नाही.

८. मायाजवळ फक्त मोबाईल हाय. फिल्म बनवू शकतो काय?

बनवा जी, बिनधास्त. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा फिल्म मोबाईलवरच्या असतात. चार गोष्टी सांभाळा. मोबाईल आडवा धरा. उभा व्हिडिओ आमच्या पडद्याचा जेमतेम तिसरा हिस्सा व्यापतो, बाकी दोन्हीकडे काळोख. मुद्दाम उभी फ्रेम वापरायची असेल, म्हणजे विहिरीत खोल उतरणं किंवा सरळसोट कडा, तर चालेल. सेटिंगमध्ये एचडीआर बंद करा, नाहीतर प्रोजेक्टरवर आभाळ पांढरंफटक आणि माणसं राखेसारखी दिसतात. वारा असेल तर माइकच्या भोकावर फोमचा किंवा लोकरीचा तुकडा लावा. आणि बोलणाऱ्याच्या जवळ जा. हललेलं चित्र लोक चालवून घेतात. आवाज कळला नाही की पाचव्या मिनिटाला मैदानात गप्पा सुरू होतात, आणि एकदा सुरू झाल्या की पुढच्या फिल्मलाही त्या थांबत नाहीत.

९. फाईल कशी पाठवायची? पेनड्राइव्ह चालत नाही असं का होतं?

एमपी४, एच.२६४, १९२० बाय १०८०. फोरके नको, आमचा प्रोजेक्टर तेवढा नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, दोन जीबीपर्यंत जातो. पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर मावतच नाही, एक्सफॅट करून घ्या. मोबाईलवर चित्रित केलेल्या फिल्ममध्ये आणखी एक गोम असते. फोन फ्रेमचा वेग कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे एडिटिंगमध्ये आवाज आणि ओठ हळूहळू एकमेकांना सोडतात. आधी ठराविक फ्रेमरेटमध्ये, २५ किंवा ३० मध्ये, बदलून घ्या आणि मगच कापाकापी करा.

१०. भाषा कोणती? कोरकूतली फिल्म चालते का?

कोणतीही. वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदी, गोंडी, इंग्रजी सगळं येतं. कोरकू तर हवीच, मैदानातले कितीतरी प्रेक्षक कोरकू बोलणारे आहेत. पण कोरकू मुंडा गटातली भाषा आहे, मराठीवाल्याला अंदाजाने कळत नाही. म्हणून मराठीखेरीज कोणत्याही फिल्मला मराठी सबटायटल सक्तीची आहेत. सबटायटलची एसआरटी फाईल वेगळी द्या, म्हणजे अक्षरं आम्हाला मोठी करता येतात.

मैदानात सगळ्यांनाच पडद्यावरचं वाचता येत नाही किंवा दिसत नाही. त्यासाठी एक जण मायकवर बसून सबटायटल वऱ्हाडीत सांगतो. नॉर्वेचा गिर्यारोहक बर्फाच्या भेगेपाशी थांबून काहीतरी गंभीर बोलतो आणि आमचा भाऊ म्हणतो, "थो म्हन्ते, आता मांगं फिरनं बरं." काही दिग्दर्शकांना हे आवडत नाही. त्यांनी आधी सांगावं, आम्ही फिल्म दुपारी शाळेच्या वर्गात दाखवू. मैदानात मात्र भाऊ बोलणारच.

११. पार्श्वसंगीताला प्रसिद्ध गाणं वापरलं तर काय बिघडतं? यूट्यूबने तर काही हरकत घेतली नाही.

यूट्यूबवर हरकत आली नाही याचा अर्थ परवानगी मिळाली असा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, आणि शब्द व चाल यांचे हक्क वेगळे. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षं, शब्द आणि चालीची मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे "गाणं १९६० चं आहे, आता मोकळं झालं" हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. सोपा मार्ग म्हणजे गावातल्या भजनी मंडळाला किंवा ढोलवाल्याला वाजवायला लावा, लेखी होकार घ्या, नाव द्या आणि मानधन द्या. नुसता आभाराचा फलक देऊ नका. दरीतला वारा, सायकलची साखळी, दोर घासण्याचा आवाज हे ज्यांनी नीट पकडलं त्यांना गाण्याची गरज फारशी पडत नाही, असं आम्हाला दिसलं आहे.

१२. ड्रोनचे शॉट चालतात का? माझा तर अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे.

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येतो आणि त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण त्याने अभयारण्यावर किंवा संरक्षित स्मारकावर उडवायची मुभा मिळत नाही, त्याची परवानगी वेगळी (प्रश्न १३). मोकळ्या, म्हणजे हिरव्या क्षेत्रातही १२० मीटरच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही. उडवण्याआधी सरकारच्या 'डिजिटल स्काय' संकेतस्थळावरचा नकाशा पाहा.

नियम बाजूला ठेवला तरी एक गोष्ट लक्षात असू द्या. आपल्याकडच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. दुरून ती दगडावरच्या काळ्या डागासारखी दिसतात, ओळखू येत नाहीत. ड्रोन त्यांच्याजवळ घोंगावला की मधमाश्या उठतात आणि ज्याचे दोन्ही हात दोरात अडकले आहेत त्याच्यावर येतात. ड्रोनवाला खाली गाडीत बसून काच वर करतो. आधी दुर्बिणीने कडा पाहा, गुराख्याला विचारा.

१३. गाविलगड, नरनाळा किंवा मेळघाटात चित्रीकरण करायचं आहे. तुमचं पत्र मिळेल का?

पत्र देऊ, पण त्याचा उपयोग शून्य. जंगलातल्या चित्रीकरणाची परवानगी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली वनविभागच देतो. मेळघाटसाठी अमरावतीच्या क्षेत्र संचालक कार्यालयात चौकशी करा. गाविलगड व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे आणि केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारकही, म्हणजे दोन दारं ठोठवावी लागतात. नरनाळा तर अभयारण्यच. तटात खिळा, बोल्ट काहीही ठोकणं हा गुन्हा आहे. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफांनी गाविलगडाचा तट फोडला होता, आता ड्रिलने आणखी भोकं नकोत. ज्या फिल्ममध्ये असं ठोकताना दिसतं ती आम्ही परत पाठवतो, कितीही देखणी असली तरी.

१४. मल्लखांब, दहीहंडी, शंकरपट हे साहसी खेळ धरता का?

मल्लखांब धरतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आली. त्यांच्याच जिल्ह्यात आम्ही त्याला बाहेर कसं ठेवणार? दहीहंडीला राज्य सरकारने २०१५ मध्ये साहसी खेळाचा दर्जा दिला, तेव्हा तीही आली. फक्त वरच्या थरावर लहान लेकरू असेल तर प्रश्न १६ वाचा.

शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतीवर, आमच्यात दरवर्षी भांडण होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने मुभा दिली, तेव्हापासून परवानगी आणि अटींसह शर्यती होतात, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आमचा तोडगा असा की बैल, ते हाकणारा धुरकरी, पटाची तयारी, हार-जीत सगळं दाखवा. तुतारी (टोकाला आर असलेली काठी) टोचताना, चाबूक मारताना, शेपूट पिरगाळताना दिसलं की फिल्म बाद. ते कायद्यातही बसत नाही. "तसं दाखवल्याशिवाय पट खरा वाटत नाही" असं एकाने कळवलं होतं. मग आम्हाला तो खरा पट नको.

१५. आमच्या पाड्यावरची मुलं पुरातून नाला ओलांडून शाळेत जातात. जबरदस्त फिल्म होईल. पाठवू का?

फिल्म करा, जरूर करा, आणि जिथं पूल मंजूर करणारे बसतात तिथं दाखवा. आमच्याकडे नको. खेळात माणूस धोका स्वतः निवडतो आणि नको वाटला तर घरी जाऊ शकतो. त्या लेकराला दुसरा रस्ता नाही. त्याच्या डोक्यावर दप्तर, कमरेइतकं पाणी, आणि खाली थरारक संगीत, हे पाहताना टाळ्या पडतात. त्या टाळ्या आम्हाला ऐकायच्या नाहीत. मध काढणारे, टॉवरवर चढणारे वायरमन, खोल विहिरीत गाळ काढायला उतरणारे यांच्याबद्दलही हेच.

अपवाद आहे. तोच माणूस आपल्या हौसेने काही करत असेल तर तो आमचाच. मध काढणारा कोरकू तरुण रविवारी मित्रांबरोबर कडा चढायला जात असेल, कुणासाठी नाही, गंमत म्हणून, तर ती फिल्म आम्हाला सगळ्यांत आधी हवी. कोणता प्रकार आहे हे कळत नसेल तर त्या माणसालाच विचारा, "पैसे नाही मिळाले, कुणी सांगितलं नाही, तरी करशील का?" त्याचं उत्तर फिल्ममध्येच असू द्या.

१६. अठरा वर्षांखालची मुलं फिल्ममध्ये असतील तर?

पालकांचा लेखी होकार लागतो, आणि सोबत कोण प्रशिक्षित माणूस होता हे कळवावं लागतं. सार्वजनिक रस्त्यावर परवान्याशिवाय मोटारसायकल उडवणारी मुलं, बिनहेल्मेटची व्हीली, रेल्वे रुळावरचे स्टंट हे कोणत्याही वयात बाद. रीलवर त्याला लाखो लाइक असतील. आमच्या मैदानात पुढच्या रांगेत सहावीतली पोरं बसतात आणि सोमवारी तीच पोरं सायकल घेऊन उतारावर जातात.

विहिरीत सूर मारण्याच्या फिल्म खूप येतात. त्या घेतो, पण पाण्याची खोली कशी मोजली आणि वर दोर घेऊन कोण उभं होतं हे दिसलं पाहिजे.

१७. काही दृश्यं नंतर पुन्हा करून घेतली, एक-दोन एआयने बनवली. सांगावं लागेल का?

पुन्हा केलेलं चालतं, फिल्ममध्ये तसं लिहा. नकाशा, वाट दाखवणारं चित्र एआयने केलं तरी हरकत नाही. पण ज्या कड्यावरून माणूस गेलाच नाही तिथं तो गेलेला दाखवला तर फिल्म बाद, आणि ती निवडून दाखवून झाली असेल तर पुढच्या वर्षी मायकवर जाहीर करू. वेग वाढवून उतार भयंकर करणं हेही याचंच धाकटं भावंड. प्रेक्षक सायकल चालवणारे आहेत, पायडल आणि चाक जुळत नाही हे त्यांना लगेच कळतं.

१८. चित्रित करताना आमचा मित्र गेला. ती फिल्म पाठवायची का, आम्हाला कळत नाही.

घाई करू नका. त्या वर्षाची तारीख गेली तरी चालेल, अशा फिल्मला आम्ही तारीख लावत नाही. घरच्यांनी फिल्म पूर्ण पाहिलेली असावी आणि त्यांचा होकार असावा, एवढीच अट. पडण्याचा क्षण आणि त्याचा आवाज आम्ही दाखवत नाही. काय चुकलं हे सांगायची तयारी असेल तर दुपारच्या वर्गात चढणाऱ्यांसोबत बसून बोलता येईल. सक्ती नाही.

१९. निवड कोण करतं? बक्षीस काय?

पाच जणांची समिती. त्यात दोन चढाई-सायकलिंग जाणणारे, एक फिल्म जाणणारा आणि दोघं यातलं काही न जाणणारे गावकरी असतात. शेवटच्या दोघांना फिल्म कळली नाही तर ती सहसा निवडली जात नाही. बक्षीस म्हणजे पाच किलो घरची तूरडाळ, एक कॅरेट संत्री आणि मैदानावर पुन्हा एकदा फिल्म दाखवणं. रोख नाही. बक्षिसाचे प्रायोजक होऊ म्हणणाऱ्या गुटखा आणि दारूवाल्यांना उत्तर ठरलेलं आहे.

२०. स्वयंसेवक व्हायचं आहे. काय काम असतं?

पडद्याचे बांबू रोवणं, ताडपत्र्या धुणं, पार्किंगला उभं राहणं, लेकरं हरवली की शोधणं, आणि रोडगे, म्हणजे भाजलेले कणकेचे गोळे. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायला चार-पाच तास जातात आणि वांग्याची भाजी मोठ्या गंजात (पातेल्यात) होते. आमचा एक नियम आहे की स्वयंपाक पुरुष करतील आणि बायका फिल्म पाहतील. पहिल्यांदा रोडगे करपले, लोकांनी खाल्ले. नियम कायम आहे. बाहेरगावच्यांनी आधी कळवून दोन दिवस लवकर यावं.

२१. लाईट गेली, वारा सुटला, पाऊस आला तर?

लाईटसाठी जनरेटर शाळेच्या मागे भिंतीआड असतो, आवाज कमी येतो. वाऱ्यासाठी पडदा चारही बाजूंनी रबरी पट्ट्यांनी ताणतो. नुसत्या सुतळीने बांधला की तो शिडासारखा फुगतो आणि बांबू उपटतो. नऊनंतर दव पडतं, म्हणून प्रोजेक्टर पत्र्याच्या छपराखाली. उजेडाच्या झोतात पाखरं येतात आणि पडद्यावर घारीएवढ्या सावल्या उडतात, त्याला इलाज नाही. अवकाळी पाऊस आला तर शाळेच्या वऱ्हांड्यात जेवढे मावतील तेवढे बसतात आणि उरलेल्या फिल्म दुसऱ्या दिवशी. रात्री दहाला मात्र आवाज बंद, तो ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे. फिल्म अर्धी असेल तर शेवट भाऊ दुसऱ्या दिवशी सांगतो.

२२. आमच्या गावातही एक दिवस दाखवाल काय?

दाखवतो, फेब्रुवारीत, ज्या फिल्मवाल्यांनी तशी परवानगी दिली आहे तेवढ्याच. ग्रामपंचायतीचं पत्र, मैदान, थ्री-पिन असलेला बोर्ड आणि रात्री पाच माणसांचं जेवण एवढं तुमच्याकडून. प्रोजेक्टर, पडदा, स्पीकर आम्ही आणतो. बोर्डाला अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून आधी तपासून घ्या. पेरणी-वेचणीच्या दिवसांत विचारू नका, आणि त्याच रात्री गावात कीर्तन असेल तर दुसरा दिवस सांगा.